गार्वानला ‘पुरे’ कोण सांगणार

माझी थोरली बहीण स्ताना ज्याच्या घरी दिली, तो झाफीर. आमच्या रोदोपीच्या डोंगरात थोरल्या भावाला आगा म्हणतात, म्हणून मी त्याला आगा म्हणायचो. आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. माणूस बोलायला इतका कंजूष, की ताईला बघायला आला तेव्हा दोन तास बसला, वाडगाभर दही खाल्लं आणि जाताना आईला म्हणाला, "दही चांगलंय." आईनं तोच होकार धरला. ताई पुढं आयुष्यभर सांगायची, मला कुणी मागणी घातलीच नाही, दह्याला घातली.

पण आगा बोलत नसला तरी त्याचा कळप बोलायचा. त्याच्या मेंढ्यांच्या गळ्यात बासष्ट घाट्या होत्या, त्याच्या आज्यापासून आलेल्या, लहानमोठ्या, एकमेकींशी सुरात जुळवलेल्या. कळप डोंगरावरून उतरायला लागला की गावातल्या बायका न बघता सांगायच्या, झाफीर आला. एकदा त्यातली एक घाटी चिरली. दुसऱ्या कुणी बाजारातून नवी आणून बांधली असती. आगानं काय केलं, तर सुरात चिरलेलीच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक अशा दोन घाट्या सोडल्या, लोकरीत गुंडाळल्या आणि डोंगर ओलांडून कारागिराकडे दोन दिवस चालत गेला. सोबत मी. तिथं तीन दिवस मुक्काम. कारागीर घाटी घडवायचा, वाजवायचा, आगा आपल्या दोन घाट्या वाजवायचा आणि म्हणायचा, "नाही." चौथ्या दिवशी कारागिराची बायको बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, ह्या माणसाला एक तर घाटी द्या, नाहीतर मला माहेरी पाठवा. त्या दिवशी सूर जुळला.

तर असा माणूस, आणि त्याचा कुत्रा गार्वान. गार्वान म्हणजे आमच्याकडे डोमकावळा. काळाकुळकुळीत, छातीवर पांढरा ठिपका, अंगानं वासराएवढा. लांडगा अजून पलीकडच्या ओढ्यात असायचा तेव्हाच ह्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. धुक्यात कोकरू हरवलं तर हा जाऊन त्याच्याजवळ नुसता उभा राहायचा, भुंकायचा नाही, म्हणजे कोकरू बिचकायला नको. ही सगळी शिकवण आगाची. आणि त्यातली सगळ्यांत पक्की शिकवण म्हणजे फाटकाची.

संध्याकाळी शेवटची मेंढी वाड्यात शिरली, की गार्वान फाटकाच्या तोंडाशी उभा राहायचा. बसायचा नाही, खायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचा नाही. आगा मेंढ्यांवरून नजर फिरवायचा, फाटकाला अडसर लावायचा आणि म्हणायचा, "पुरे." मग गार्वान अंग झाडायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. त्या एका शब्दाशिवाय त्याचा दिवस संपत नसे.

किती पक्की म्हणता? एका वर्षी खालच्या गावात आगाच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. आगानं घाईत फाटक लावलं आणि निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नाच्या पंगतीत त्याचा घास हातातच राहिला. कुणाला काही न सांगता उठला आणि तीन तासांचा चढ दोन तासांत चढला. गार्वान फाटकाशी तसाच उभा. चारी पाय लटपटताहेत, समोर ताईनं ठेवलेला दूधभाकरीचा काला वाळून त्याला भेगा पडलेल्या. ताई सकाळपासून त्याला बस बस म्हणून थकली होती. आगानं धापा टाकत ‘पुरे’ म्हटलं, तसा तो तोडलेल्या झाडासारखा पडला आणि संध्याकाळपर्यंत झोपला. ही गोष्ट मी कितीतरी लग्नांत रंगवून सांगितली आणि लोक पोट धरून हसले. आता मला ती हसत सांगता येत नाही. का, ते सांगतो.

सरकारनं गावच्या मेंढ्या एकत्र करून केलेला कळप मोडून ज्याच्या त्याच्या मेंढ्या ज्याच्या त्याच्या दारात परत आल्या, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती; तोवर तो सरकारी कळपही आगाच राखायचा, ह्याच घाट्या बांधून. त्या वर्षी फेब्रुवारीत आगाची आई गेली. आमच्याकडची रीत अशी, की घरात मयत झालं की कळपानंही सुतक पाळायचं. प्रत्येक घाटीच्या आत लोंबणाऱ्या लोळीला लोकर गुंडाळायची, म्हणजे ती हलते पण वाजत नाही. घाटी गळ्यातून काढायची मात्र नाही. मेंढीनं भार वाहायचा आणि गप्प राहायचं. घरातली वडीलधारी बाई ‘सोडा’ म्हणेपर्यंत.

वसंतात ग्योर्गी संताच्या सणाला कळप वर कुरणावर जातो आणि शरदात दिमितार संताच्या सणाला खाली उतरतो. आमचं सगळं वर्ष ह्या दोन संतांच्या मध्ये मावतं. त्या ग्योर्गीला आगाचा कळप गावातून गेला आणि आवाज फक्त खुरांचा. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मीही बरोबर होतो. लाकडाची गिरणी बंद पडली होती, मला घरी बसून काम नव्हतं, म्हणून तो उन्हाळा मी वरच काढला, ताई आणि आगासोबत.

आणि वर गेल्यापासून गार्वानचं बिघडलं.

कळप उजवीकडच्या उतारावर चरायचा आणि हा डावीकडच्या उतारावर उभा राहून इकडेतिकडे बघायचा. हाक मारली तर यायचा नाही. आला तर सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून. एकदा मी मागून जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर गर्रकन वळून माझी बाही फाडली; मग मला ओळखलं आणि इतका ओशाळला की दिवसभर माझ्यासमोर आला नाही. आणि संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचा तो राहायचाच. आगा म्हणायचा, "पुरे." हा उभा. आगा पुन्हा म्हणायचा. हा उभा. अंधार पडायला लागायचा, मागचे पाय कापायला लागायचे, आणि शेवटी कधीतरी पाय आपोआप दुमडून तो बसायचा, तेही तोंड फाटकाकडे करून.

आम्ही कारण शोधलं आणि ते आम्हाला लगेच सापडलं. घाट्या. चौदा वर्षं हा कुत्रा बासष्ट घाट्यांच्या आवाजात वाढला, आता कळप मुका झाला, मग त्याला तो सापडणार कसा? संध्याकाळी घाट्या एकेक करून शांत व्हायच्या तेव्हा त्याला कळायचं की दिवस संपला. आता दिवस सुरूच होत नाही तर संपेल कुठून? हे कोडं मीच सोडवलं आणि सगळ्यांना पटवून दिलं. शेजारच्या वाड्यावरच्या कुझ्मानला पटवलं, दही न्यायला आलेल्या पाद्रीबुवांना पटवलं. ताई म्हणाली, कुत्रंसुद्धा सासूबाईंचं दुःख करतंय. आगालाही ते पटलं. कुत्रा नाकानं जगतो हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण रीत अशी डोळ्यांवर बसते की समोरचं दिसत नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी आगानं पाच वेळा ‘पुरे’ म्हटलं आणि सहाव्या वेळी काठी उगारली. मारली. जोरात नाही, पण मारली. गार्वाननं काठीकडे बघितलं, आगाकडे बघितलं आणि आणखी ताठ उभा राहिला. आपली काहीतरी चूक झाली, उभं राहण्यात काहीतरी कमी पडलं, असं त्याला वाटलं असणार.

त्या रविवारी आगा गावात उतरला आणि आईच्या बहिणीकडे, त्रेंदा मावशीकडे गेला. घरातली वडीलधारी आता तीच. वय एक्याऐंशी, जीभ अठरा वर्षांची, कानानं पार गेलेली. तिच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी. आगानं ओरडून विचारलं, घाट्या मोकळ्या करू का?

"माझी बहीण मातीत जाऊन पाच महिने नाही झाले," मावशी म्हणाली, "आणि तुला वाजंत्री हवी?"

आगा म्हणाला की कुत्र्याला कळप सापडत नाही.

"मग कुत्रा बदल."

आगा उठून आला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या खेपेला तो अर्धा तास बोलला म्हणे, एकटा, ओरडून ओरडून, आणि गल्लीतले लोक आपापल्या अंगणात येऊन ऐकत उभे राहिले, कारण झाफीर आगाचा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला होता. मावशी नंतर ताईला म्हणाली, लग्नात शपथ घेतानासुद्धा हा एवढं बोलला नव्हता. शेवटी तिनं सांगितलं, सहा महिन्यांचं श्राद्ध होऊ दे, मग मी स्वतः वर येते आणि बघते. कुत्रा लबाडी करत असेल तर तुझ्याही तोंडाला लोकर बांधीन.

ऑगस्टच्या मध्याला मावशी गाढवावर बसून वर आली. वाटेत चार वेळा गाढव बदला म्हणाली. आल्यावर उकडलेले गहू आणि साखर सगळ्यांना वाटली, बहिणीच्या नावानं मेणबत्ती लावली, आणि मग पदर खोचावा तसा रुमाल घट्ट करून बसली. पहिल्या मेंढीच्या घाटीतली लोकर तिनं आपल्या हातानं काढली. बाकीच्या आम्ही काढल्या. सगळा कळप आतल्या वाड्यात दाटीवाटीनं कोंडून ठेवलेला, म्हणजे कुणी हलायला नको, आधीच वाजायला नको. सकाळ सगळी त्यात गेली. गार्वान बाहेर, पाण्याच्या लाकडी डोणीशी, आमच्याकडे पाठ करून बसला होता. वीस पावलांवर.

आगानं फाटक उघडलं.

काय सांगू. सहा महिने अडवलेलं पाणी एकदम सुटावं तसा तो आवाज आला. आधी मोठ्या घाट्या, मग मधल्या, मग कोकरांच्या बारीक. समोरच्या डोंगरानं तो परत पाठवला. ताई रडायला लागली, पलीकडच्या वाड्यावर कुझ्मान टोपी काढून उभा राहिलेला मला इथून दिसला. आणि मग आम्ही सगळ्यांनी गार्वानकडे बघितलं.

तो डोणीशी तसाच बसला होता. पाठ आमच्याकडे. कान हलला नाही. एक माशी त्याच्या डोळ्याशी आली तेवढी त्यानं मान झटकून उडवली. बासष्ट घाट्या त्याच्या पाठीमागून वाजत येत होत्या आणि तो पलीकडच्या झाडांकडे बघत होता. मग पहिल्या मेंढीचं अंग त्याला घासलं तसा तो केवढ्यानं दचकला, उठताना मागचा पाय घसरला, आणि आजूबाजूला मेंढ्याच मेंढ्या बघून शेपूट हलवायला लागला. जणू त्या आकाशातून पडल्या.

मावशीला घाट्यांचा आवाज अर्धामुर्धाच येत असणार. ती आमची तोंडं बघत होती. मग तिनं कुत्र्याकडे बघितलं. तिला आमच्याआधी कळलं.

"झाफीर," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "ह्याला ऐकू येत नाही रे. माझ्यासारखा झालाय." मग गार्वानकडे बोट करून, "मला तरी तुम्ही ओरडून सांगता. ह्याला कोण सांगणार?"

एकदा कळल्यावर सगळंच दिसायला लागलं, आणि इतकं ढळढळीत, की आमचीच आम्हाला लाज वाटली. डोळ्यांवर साय आली होती. आम्ही म्हणायचो, उन्हानं चमकतात. कमरेचं मांस उतरलं होतं; आम्ही म्हणायचो, उन्हाळ्यात केस झडले. ताटलीत हाडं उरत होती. आम्ही म्हणायचो, सुतकात त्याचंही मन लागत नाही. चार महिने तो म्हातारा होत होता आणि चार महिने आम्ही त्याला दुःखी समजत होतो. आगा त्या दुपारी डोणीशी जाऊन बसला आणि त्यानं ती काठी गुडघ्यावर धरून मोडली. मोडताना म्हणाला, "हा उभा होता. मी शब्द दिला नाही म्हणून उभा होता, आणि मी त्याला मारलं."

मी म्हटलं, आगा, तू शब्द दिला होतास.

"त्याच्यापर्यंत पोचला नाही म्हणजे दिला नाही."

खालच्या शहरातून गुरांच्या डॉक्टरांना मी घेऊन आलो. भला माणूस, एवढा चढ चढून आला आणि आधी कुत्र्यासमोर बसून त्याला आपला हात हुंगू दिला. त्यानं सांगितलं, कान गेले ते गेले, डोळे जाणार, खुबे झिजलेत. दुखणं थोडं कमी करता येईल, वय नाही. मागून हात लावू नका. जवळ जाताना पाय आपटून जा, जमिनीतून त्याला कळेल. मऊ जागा द्या, पाणी जवळ ठेवा, थोडं थोडं पण चारदा खायला घाला, उठताना आधार द्या. आणि उभा ठेवू नका त्याला, मागच्या पायांना ते सोसत नाही.

ते शेवटचं ऐकून आगा हसला. तसं हसलेलं मी कुणाला बघितलेलं नाही.

बाकीचं सगळं आम्ही केलं. ताईनं चांगल्यातली लोकर काढून गादी भरली. भाकरी ताकात कुस्करून, वर लोणी. आगा कमरेचा लाल पट्टा सोडायचा, चांगला चार हात लांब विणलेला पट्टा, तो गार्वानच्या पोटाखालून घालायचा आणि दोन्ही टोकं वर धरून त्याला उठवायचा, फिरवायचा, कोपऱ्यात नेऊन आणायचा. वाऱ्याच्या बाजूनं जवळ जायचा, म्हणजे वास आधी पोचेल. घोंगडी धुवायला ताईला मनाई केली. पण संध्याकाळ झाली, मेंढ्या आत गेल्या, की गार्वान गादीवरून धडपडत उठायचा, कसाबसा फाटकाशी जायचा आणि उभा राहायचा. आणि आमच्यापैकी कुणाकडेही त्याला बसवायचा उपाय नव्हता.

काय काय केलं नाही. आगानं त्याच्या कानाला तोंड लावून ‘पुरे’ म्हणून इतक्यानं ओरडून बघितलं, की पलीकडून कुझ्माननं माणूस पाठवला, काय झालं म्हणून. तो आवाज ऐकून त्याचे दोन्ही कुत्रे म्हणे गुमान बसले होते. पाठीवर हात ठेवून दाबलं तर गार्वान बसायचा आणि हात काढला की उठायचा. मेंढीनं ढकललं असं समजत असेल. त्याचा पंजा धरून अडसरावर ठेवला, बघ, लागलाय. ताटली फाटकाशी आणली. गादी फाटकाशी आणली. तो गादीवरच उभा राहिला.

एका सकाळी कुझ्मान आला. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. काय ते आम्हा सगळ्यांना कळलं. आमच्याकडे म्हाताऱ्या कुत्र्याचं असंच करतात, आणि स्वतःच्या हातानं करवत नाही म्हणून शेजारी करतो. ते उपकारच असतात. कुझ्मान इकडचं तिकडचं बोलला, गवत, पाऊस, आणि मग म्हणाला, "आगा, तू जरा खाली गावात जाऊन ये. येशील तोवर झालेलं असेल. त्याला कळणारही नाही."

"त्याला अजून मी पुरे म्हटलेलं नाही," आगा म्हणाला.

"मग म्हण की."

"म्हणतोय. चार महिने म्हणतोय."

कुझ्मान उठला. मग आणलेलं तसंच काखेत घेऊन गेला. जाताना गार्वानसाठी आणलेला चीजचा तुकडा मात्र ठेवून गेला. म्हणजे काय विचार करून आला होता कोण जाणे, दोन्ही तयारीनं आला होता.

उपाय सापडला तो आगाच्या कमरेमुळे. सप्टेंबर लागला होता. संध्याकाळी फाटकाशी गार्वानला पट्ट्यानं सावरता सावरता आगाच्या कमरेत उसण भरली. "आई" म्हणून तो तिथंच जमिनीवर उताणा झाला. मी धावलो, ताई धावली. आणि आमच्याआधी गार्वान पोचला. त्यानं आगाच्या पायांपासून हुंगायला सुरुवात केली, गुडघे, पोट, छाती, मग तोंड. थोडा वेळ थांबला. आणि हळूच, पुढचे पाय, मग मागचे, असं करत त्याच्या कुशीला पाठ लावून आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला.

ताईनं तोंडावर हात दाबला. मी म्हटलं, आगा, हलू नकोस. तो म्हणाला, "हलता येत असतं तर हललो असतो."

झोप लागली असं बघून अर्ध्या तासानं आम्ही आगाला धरून उठवलं, आणि गार्वान उठला. जमिनीतून कळलं असेल. फाटकाशी जाऊन उभा. आगानं आमचे हात सोडले आणि कण्हत कण्हत पुन्हा आडवा झाला. गार्वान येऊन झोपला.

त्या दिवसापासून रोज. सूर्य डोंगराला टेकायचा, मेंढ्या आत जायच्या आणि आमचा आगा, बासष्ट वर्षांचा माणूस, फाटकाशी जमिनीवर आडवा व्हायचा. जेवण तिथं. ताई वाडगं त्याच्या छातीवर ठेवायची आणि तो घेवड्याची आमटी आडव्यानं प्यायचा, अर्धी दाढीत. लोक बघायला यायचे. पाद्रीबुवा एका संध्याकाळी दही न्यायला आले, वाटेत आडवा पडलेला आगा आणि उशाशी बसलेली ताई बघितली, आणि घाईघाईनं टोपी काढून प्रार्थना सुरू केली. आगा डोळे न उघडता म्हणाला, "बुवा, अजून नाही. दही आत आहे." ताई एकदा त्याला म्हणाली, चौतीस वर्षं संसार केला, मी तापानं फणफणले होते तेव्हाही तू उभ्या उभ्याच विचारलंस, बरं आहे का म्हणून. आणि ह्याच्यासाठी आडवा होतोस. पण हे म्हणत असताना ती दोघांच्या खाली मावेल एवढी नवी गादी शिवत होती.

मला वाटलं, चला, मार्ग सापडला. तसं मी आगाला म्हटलंही. तो आभाळाकडे बघत पडला होता.

"मार्ग कुठला?" तो म्हणाला. "ह्याला वाटतंय मी थकलो. मी झोपलो म्हणून हा राखणीला येऊन पडतो. ह्याची सुट्टी ह्याला मिळालेलीच नाही अजून." मग घोंगडी गार्वानवर ओढत म्हणाला, "चौदा वर्षं हा मला सांगत आला. लांडगा आला, धुकं आलं, मेंढी अडली. मी ह्याला एकच शब्द शिकवला. दुसरा एखादा शिकवायला हवा होता."

ऑक्टोबरात गार्वान भराभर उतरला. गादी ओली व्हायला लागली, आणि त्याची त्याला भारी शरम. तोंड भिंतीकडे करून पडायचा. ताई कोमट पाण्यानं त्याला पुसायची आणि त्याच्याशी मोठ्यानं बोलायची, काही नाही रे, माझी चार पोरं अशीच वाढली. ऐकू येत नाही हे ठाऊक असून बोलायची. आम्ही त्याची कूस दिवसातून तीनदा बदलायचो. लोणी खायचा, भाकरी ठेवायचा. मग लोणीही ठेवायला लागला. पण संध्याकाळी पट्टा पोटाखाली घालावा लागायचा, कारण तो उठू बघायचाच, आणि उठू दिलं नाही तर असा कण्हायचा की आतल्या मेंढ्या थांबून बघायच्या.

दिमितारच्या सणाला नऊ दिवस होते. त्या सकाळी गवतावर पहिलं पांढरं दव गोठलं होतं. आगा रात्रभर फाटकाशीच झोपला होता, घोंगडी पांघरून. आताशा तो तिथंच झोपायचा. आम्ही धारेच्या बादल्या घेऊन आलो, तसा तो एका हातावर जोर देत उठला. पट्टा हातात घेतला. गार्वान उठला की त्याला सावरायचं म्हणून वाकून थांबला.

गार्वान उठला नाही.

जिवंत होता. मान वर होती, सायीचे डोळे आगाकडे होते. शेपटीचं टोक एकदा गादीवर आपटलं. आगानं पाय आपटला. गार्वाननं बघितलं. आगा दोन पावलं मागं सरकला, आणखी दोन पावलं. गार्वाननं मान पुढच्या पायांवर ठेवली आणि श्वास सोडला.

दोन-अडीच महिने आम्ही एवढंच मागत होतो, की माणूस उठला तरी कुत्र्यानं पडून राहावं. आणि आता तो पडून राहिला, तर आगा तिथं पट्टा धरून असा उभा, जसं कुणी त्याच्या हातातून काहीतरी काढून घेतलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बोलका, म्हणून मला विचारलं.

"ह्याला पुरे कळलं," तो म्हणाला, "का नुसतं ह्याच्यानं उठवत नाही?"

मी बादली खाली ठेवली.

आगा परत गेला आणि त्याच्या शेजारी आडवा झाला, भर सकाळी, त्या गोठलेल्या गवतावर. धारा ताईनं आणि मी काढल्या. ती मधूनच मान वळवून बघायची, मीही बघायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी गार्वान गेला, ऊन असताना, आगाच्या कुशीला पाठ लावून. किती वेळ आधी गेला होता ते आगालाही नेमकं सांगता आलं नाही.

तो प्रश्न त्यानं मला पुढं कितीदा विचारला. कधी दारूच्या पेल्यावर, कधी मेंढ्यांची लोकर कातरताना मध्येच हात थांबवून. दर वेळी मी म्हणायचो, कळलं असणार, आगा, नक्की कळलं असणार. दर वेळी तो म्हणायचा, "तुला काय ठाऊक." आणि ते खरंच होतं.